फोनवर न सांगितलेलं

ह्यूस्टन, २९ ऑक्टोबर २००५

ती. आई-बाबांना सा. न.

दिवाळीचं पार्सल काल मिळालं. चकल्यांचा पार भुगा झालाय, तो दह्यात कालवून संपवतोय. अनारसे मात्र शाबूत पोचले.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, वादळांची नावं संपली म्हणजे काय. इथे दर वर्षाची २१ नावांची यादी आधीच ठरलेली असते. यंदा ती विल्मापाशी संपली, मोसम काही संपेना. म्हणून पहिल्यांदाच ग्रीक अक्षरं काढलीत. २२ तारखेला अल्फा झालं, आता बीटा निकाराग्वाकडे निघालंय. त्या विल्माचा दाब ८८२ मिलिबारपर्यंत उतरला होता, अटलांटिकमध्ये आजवर मोजलेला सगळ्यात कमी (दाब जितका कमी, तितकं वादळ जोरदार). समुद्र यंदा फार तापलाय म्हणतात. कतरिना आणि रीटा ही दोन्ही वादळं मेक्सिकोच्या आखातातल्या कोमट पाण्याच्या खोल पट्ट्यावरून गेली आणि तिथेच फुगली.

हे सगळं तुम्ही पेपरात वाचालच. मला दुसरंच सांगायचंय.

रीटाच्या वेळी मी आईला फोनवर म्हटलं, ‘आम्ही डॅलसला मैत्रिणीकडे सुखरूप पोचलो.’ ते खोटं होतं. आम्ही पोचलोच नाही.

कतरिनानं न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटून महिनाही झाला नव्हता. तिथून आलेली माणसं इथल्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये खाटांवर झोपलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे रीटा पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, श्रेणीला गेल्याचं ऐकलं आणि सगळं शहर एकदम उठलं. ज्यांना निघायची गरज नव्हती तेही निघाले. आम्ही त्यातलेच. २२ सप्टेंबरला पहाटे गाडी काढली. डॅलस एरवी चार तासांवर. आम्हाला चौदा तासांत साठ-पासष्ट किलोमीटर जाता आलं. बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि पेट्रोल पुरावं म्हणून एसी बंद. छोट्या चिमणीला ओल्या पंच्यात गुंडाळून बसले होते (आई, तू दिलेला तोच तांबड्या काठाचा पंचा). पंपांवर खडखडाट, रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाड्यांची रांग. काटा पाव टाकीखाली गेला तेव्हा तुमचे जावई म्हणाले, ‘वादळ घरात गाठलेलं बरं, गाडीत नको.’ उलट्या दिशेचा रस्ता रिकामा होता. तासाभरात परत घरी!

मग बाथटबात पाणी भरलं, गाद्या आतल्या कपाटाच्या खोलीत ओढल्या आणि वाट पाहत बसलो. २४ तारखेच्या पहाटे रीटा पूर्वेला, टेक्सस-लुइझियानाच्या सीमेवर धडकलं. आमच्याकडे फांद्या पडल्या, दिवसभर वीज गेली, बस्स. वादळापेक्षा पळापळीनंच जास्त माणसं गेली. आम्ही परत फिरलो त्याच्या दुसऱ्या सकाळी त्याच हायवेवर, डॅलसच्या अलीकडे, वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी बस पेटली. आत ऑक्सिजनची नळकांडी होती. तेवीस म्हातारी माणसं गेली. ती बातमी लागली आणि मी टीव्ही बंद करून तुम्हाला फोन लावायला घेतला, लागेना. रात्री लागला तेव्हा मी ते डॅलसचं बोलले. आधीच २६ जुलैच्या पुरानंतर तुमची झोप उडालेली, त्यात आणखी भर कशाला, असं वाटलं.

पण आता २६ जुलैचंही बोलते. बाबा, तुम्ही म्हणाला होतात, ‘उल्हास नदी फुगली, पण आपल्याकडे पायरीपर्यंतच आलं.’ मावशीनं मला सगळं सांगितलंय. पाणी स्वयंपाकघरातल्या ओट्याला लागलं होतं, शेजाऱ्यांनी आईला धरून वरच्या मजल्यावर नेलं, आणि तुम्ही पेन्शनची कागदं डोक्यावर घेऊन जिन्यात उभे होतात. तिच्यावर चिडू नका, मीच खोदून विचारलं. म्हणजे आपण फिटंफाट.

कागदं आता माळ्यावरच ठेवा. मी दोन प्लास्टिकच्या जाड पिशव्या पाठवतेय, झिपवाल्या, त्यात घाला. रक्तदाबाच्या गोळ्यांची एक पट्टीही त्यातच राहू द्या. तळमजल्याचं काय करायचं ते मी जानेवारीत येईन तेव्हा बसून बोलू, तोवर बाबांनी ‘बघू’ म्हणायचं नाही.

आई, शिलाई मशीन पाण्यात गेलं हेही मला ठाऊक आहे. दुरुस्त झालं का? खरं काय ते लिही.

तुमची,
ताई