अंगणवाडीच्या दारात मेथी पेरा

महोदय,
२०१८ पासून सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण महिना. अंगणवाड्यांत भाज्यांची प्रदर्शने भरतात, पण ऑक्टोबर उजाडला की सारे थंडावते. माझी चार वर्षांची नात पालेभाजी ताटाबाहेर सारायची. तिच्याच हातून कुंडीत मेथी पेरली. रोज पाणी तीच घालायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिने ती स्वतः खुडली आणि त्या मेथीचे थालीपीठ चक्क मागून खाल्ले! अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम आहार मिळतोच. सोबत मुलांनीच वाढवलेली मेथी, पालक का नको? जागा नसली तर तेलाच्या रिकाम्या डब्यातही मेथी उगवते. खाऊ म्हणून पेरू, पपईची फोड द्यावी. बियाण्याचा किरकोळ खर्च ग्रामपंचायतींनी उचलावा, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, सातारा