सत्कारात गुरुजींनाही बोलू द्या

महोदय,

शिक्षक दिन आला की आमच्या करवीर तालुक्यात गावोगावी निवृत्त गुरुजींचे सत्कार होतात. होऊ देत. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, त्या मुलखात गुरुजींचा मान मोठाच असणार. पण हल्ली डिजिटल फलकावर पुढाऱ्यांचे चेहरे परातीएवढे आणि गुरुजींचा फोटो कोपऱ्यात! भाषणेही पुढाऱ्यांचीच.

आमचे गुरुजी हंगामात सायकल काढून थेट गुऱ्हाळावर यायचे. चुलवाणाला चिपाडं घालणारी पोरं हातातली काकवीची वाटी लपवत पळायची. गुरुजी बापाला शिव्या देत नसत. 'दुपारपर्यंत तरी सोड' एवढंच म्हणायचे. बाप ऐकायचा, कारण तलाठ्याचा कागद वाचून घ्यायला संध्याकाळी त्यालाही गुरुजींचंच दार होतं.

हे किस्से गुरुजींच्या तोंडून ऐकायचे आहेत. शाल-श्रीफळ पाच मिनिटांत उरका, माईक त्यांच्याकडे द्या आणि फलकाच्या पैशांतून शाळेला पुस्तके घ्या. आणि कार्यक्रम गाई-म्हशींच्या धारा काढायच्या वेळेला ठेवू नका, म्हणजे बायाबापड्यांनाही येता येईल.

– एक माजी विद्यार्थी, ता. करवीर, जि. कोल्हापूर