भंगार विकणाऱ्याचा नाही, घेणाऱ्याचा हिशोब मागा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

अमुक शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, फोडली, ऑइल सांडलं, तांबं नेलं, अज्ञात चोरट्यांवर गुन्हा दाखल. ही बातमी आपल्याकडं आता हवामानासारखी झालीय. पण ते तांबं पुढं गेलं कुठं हे कुणी विचारतच नाही. चोर काय ते घरात मांडून ठेवत नाही, ते कुठल्या ना कुठल्या भंगारच्या काट्यावरच जातं, मग धरायचं तर तिथंच धरा ना.

मी भोकरदन तालुक्यातला शेतकरी. मागच्या रब्बीत गव्हाला पाणी द्यायच्या ऐन टायमाला विहिरीवरची केबल कापून नेली. सकाळी बघतो तर ओढ्यात जळालेल्या रबराचा काळा राडा अन् नाकात जाणारा वास, म्हणजे तिथंच जाळून तार मोकळी केली. नुसती तार हातात आल्यावर ती कुणाच्या विहिरीवरची हे ब्रह्मदेवाला पण सांगता यायचं नाही. कोल्हापुरी बंधाऱ्यांची गेटं तर त्याहून वाईट, पाऊस सरला की गेटं टाकून पाणी अडवायचं असतं आणि नेमकी तवाच गेटं गायब, लोखंडाच्या भावात चोराला मिळतात चार पैसे आणि आख्ख्या शिवाराचं पाणी वाहून जातं.

कायदा नाही असं नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा गुन्हाच आहे, आधी भादंवि ४११ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१७ कलम. पण "मला काय माहीत साहेब, एक जण आला, देऊन गेला" म्हटलं की संपलं. खरेदीची वहीच नाही तर सिद्ध काय करणार? आम्हाला युरियाची एक गोणी घ्यायची तर आधार अन् मशीनवर अंगठा लागतो, आणि पोतंभर तांबं विकणाऱ्याला नाव पण कुणी विचारत नाही! १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला जीएसटी भरावा लागतो, म्हणजे टॅक्ससाठी नोंद चालते, चोरीसाठी तेवढी जड होते.

भंगारवाल्यांवर माझा राग नाही, हे पण लिहितो. गल्लोगल्ली फिरून गोळा करणारी माणसं नसती तर जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्या कशावर चालल्या असत्या? आपल्या घराच्या स्लॅबमधली सळई त्याच भंगारातून येते. पण सगळ्यात जास्त जीव धोक्यात पण त्यांचाच. बंद सिलिंडर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, केमिकलचा बॅरल, आत काय आहे न बघता पोरं गॅस कटर लावतात, पायात चप्पल, डोळ्याला चष्मा नाही, आणि भिंतीपलीकडं लोकांची घरं. २०१० ला दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात युनिव्हर्सिटीनं लिलावात विकलेलं जुनं मशीन फोडलं, त्यात कोबाल्ट-६० निघालं, किरणोत्सर्गानं एक माणूस गेला अन् आणखी काही जण आजारी पडले. दवाखान्याची अन् कंपन्यांची जुनी मशिनरी आपल्याकडं पण भंगारातच निघते, तवा भट्टीच्या गेटवर गाडीगणिक रेडिएशन तपासणी पाहिजेच.

मागणी लई मोठी नाही. प्रत्येक दुकानाची पोलीस ठाण्यात नोंद, विकणाऱ्याचा फोटो अन् आधार, तांबं-ॲल्युमिनियमचे पैसे रोख न देता खात्यावर, आणि घेतलेला माल आठवडाभर तरी न वितळवता ठेवायचा. जाळलेली तार तर घ्यायचीच नाही. कटिंग वस्तीबाहेर. फेरीवाल्या गरिबाला कागदात अडकवू नका, त्याच्या घरगुती भंगाराला सूट द्या, पण काटा ज्याच्या दुकानात आहे त्यानं वही दाखवायचीच.

आणि जलसंधारणवाल्यांना एक विनंती, यंदा नवीन गेटं दिली तर त्यावर गावाचं नाव वेल्डिंगनं मोठ्या अक्षरात टाकून द्या, म्हणजे मग "मला काय माहीत" म्हणायला जागा उरणार नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. भोकरदन, जि. जालना