मेगापिक्सेल मोजताना वर्गमूळ विसरू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की वृत्तपत्रांतून कॅमेऱ्यांच्या जाहिराती झळकू लागतात आणि त्यांत सर्वांत ठळक टायपात छापलेला असतो मेगापिक्सेलचा आकडा. फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांतल्या काउंटरवरही गिऱ्हाईक तोच धागा पकडतं: ‘सोनी ६१ देतंय, कॅनन ४५च; मग कॅनन कशाला घ्यायचा?’ प्रश्न रास्त आहे. फक्त तो विचारताना एक हिशेब राहून जातो, म्हणून हे पत्र.

मेगापिक्सेल म्हणजे चित्रातले एकूण पिक्सेल (ठिपके), दहा लाखांत मोजलेले; म्हणजे हे क्षेत्रफळाचं माप आहे. कार्पेट एरियावर घासाघीस करणाऱ्या मुंबईकराला हे वेगळं समजावायला नको: ५०० चौरस फुटांची जागा हजारची झाली म्हणून भिंत दुप्पट लांब होत नाही. चित्रातला बारकावा मात्र भिंतीच्या लांबीवर, म्हणजे मेगापिक्सेलच्या वर्गमूळावर ठरतो. सोनी ए७आर फाइव्हचं (२०२२) चित्र ९५०४ बाय ६३३६ पिक्सेलचं, कॅनन आर५चं (२०२०) ८१९२ बाय ५४६४, निकॉन झेड८चं (२०२३) ८२५६ बाय ५५०४. ६१ आणि ४५ या आकड्यांत ३५ टक्क्यांचं अंतर दिसतं. रुंदीवर भागाकार केला तर ते १६ टक्के निघतं. ६,००० पिक्सेल रुंदीच्या साध्या २४ मेगापिक्सेल बॉडीवरून (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावरून) ६१वर उडी मारली तरी बारकावा वाढतो १.५८ पट, जाहिरातीतला अडीचपट नव्हे. दुप्पट हवा असेल तर २४चे ९६ करावे लागतील.

आणि हा १६ टक्क्यांचा फायदाही कागदावरचा. तो फोटोत उतरायचा तर आधी लेन्समधून, मग शटरमधून सुखरूप बाहेर पडावा लागतो.

लेन्सचं आधी पाहू. फुल फ्रेम (म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा) ६१ मेगापिक्सेलमध्ये एका पिक्सेलची रुंदी साधारण ३.७६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), ४५मध्ये ४.४, २४मध्ये ६. लेन्सचं तोंड बारीक केलं (एफचा आकडा जितका मोठा तितकं तोंड बारीक) की प्रकाश कडांवरून पसरतो आणि बिंदूची चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी या चकतीचा व्यास एफ/५.६ला सुमारे साडेसात मायक्रॉन, एफ/११ला १५च्या आसपास, एफ/१६ला २१हून जास्त. म्हणजे एफ/१६ला ६१च्या सेन्सरवर एक बिंदू जवळपास सहा पिक्सेल अडवून बसतो. ‘लँडस्केप आहे, एफ/१६ लाव’ हा जुना सल्ला पाळणाऱ्याने ६१चे पैसे मोजले काय आणि ३३चे मोजले काय, प्रिंटमध्ये फरक शोधत बसावं लागेल. जास्त मेगापिक्सेलचं चित्र त्यामुळे कमीवाल्यापेक्षा वाईट येत नाही, एवढं न्यायाने सांगायला हवं. फायदा आक्रसतो इतकंच. चांगल्या लेन्सची धार एफ/४ ते एफ/८ या पट्ट्यात असते आणि जास्त मेगापिक्सेलचे पैसे तिथेच वसूल होतात. निकॉनने २०१२मध्ये ३६ मेगापिक्सेलची डी८०० आणली तेव्हा तिच्या तांत्रिक पुस्तिकेत कोणत्या लेन्स वापराव्यात याची यादीच दिली होती. बॉडीवर बजेट संपवून पुढे किट लेन्स (बॉडीबरोबर मिळणारी साधी लेन्स) लावणाऱ्यांनी ती यादी का दिली असेल याचा विचार करावा.

शटरचा हिशेब तर लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या थेट कामाचा. नवरी मंडपातून फ्रेमला आडवी चाललीय, वेग सेकंदाला एक मीटर, अंतर तीन मीटर, लेन्स ५० मिमी, शटर १/२५० सेकंद. तेवढ्या वेळात सेन्सरवर तिची प्रतिमा साधारण ६६ मायक्रॉन सरकते. २४ मेगापिक्सेलवर हे ११ पिक्सेल, ६१वर १८. पुसटपणा दोन्हीकडे तेवढाच, पण त्यात वरचे ३७ मेगापिक्सेल बुडाले. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सांभाळतं, नवरीची चाल सांभाळत नाही. फिल्मच्या जमान्यातला ‘५० मिमीला १/५०’ हा नियमही इथे पुरत नाही. ६१वर हातातून काढताना त्याच्या निदान दुप्पट वेग धरावा.

आता तुलना कशी करावी. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर झूम करून ब्रँडचा निवाडा करणं सोडा. वरच्या तिन्ही बॉडींचा पडदा जवळपास २१ लाख डॉटचा आहे आणि तीन डॉट मिळून एक पिक्सेल होतो. म्हणजे ६१ मेगापिक्सेलचा निकाल तुम्ही पाऊण मेगापिक्सेलच्याही आतल्या खिडकीतून लावताय. स्वतःचं कार्ड घेऊन जा आणि बरोबर एक मोठ्या आकाराचं वर्तमानपत्र न्या. तुमच्या हातातलं हेच चालेल.

जोडपान उघडून भिंतीला सपाट चिकटवा. ५० मिमी लेन्स, अंतर सुमारे सव्वा मीटर, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, एफ/५.६, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल. कॅमेरा पानाला समांतर आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका: पानाच्या मध्यावर एक छोटा आरसा सपाट धरा आणि त्यात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मध्यात दिसेपर्यंत कॅमेरा हलवा. हे केलं नाही तर एक कोपरा मऊ येतो आणि दोष उगाच लेन्सच्या माथी जातो. समांतर करूनही एकच कोपरा मऊ आला तर मात्र लेन्समधलं एखादं भिंग सरकलेलं आहे. ती लेन्स परत द्या आणि दुसरा नग मागा.

घरी संगणकावर काय पाहायचं? मजकुराची अक्षरं नकोत, ती २४ आणि ६१ दोन्हीत वाचता येतात. दोन मिलिमीटर उंचीचं अक्षर या अंतरावरून २४ मेगापिक्सेलमध्येही १४ पिक्सेल उंच येतं. पाहायचे ते छापील फोटोतले ठिपके. वृत्तपत्राच्या छपाईत इंचाला साधारण ८५ ते १०० ठिपक्यांच्या ओळी असतात. २४ मेगापिक्सेलमध्ये एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम दोन पिक्सेल येतात. तिथे ठिपके विरघळतात, किंवा सेन्सरसमोर लो-पास फिल्टर (बारीक नक्षी किंचित पुसट करणारी काच) नसेल तर त्यांच्या जागी पाण्यावरच्या तवंगासारख्या रंगीत लाटा उमटतात. ६१मध्ये तीनेक पिक्सेल मिळतात आणि चांगली लेन्स असेल तर ठिपके सुटे दिसू लागतात. याच लाटा पैठणीच्या बारीक विणीवर किंवा इरकलीच्या चौकटींवर आल्या की साडीवाला व्यापारी फोटो परत पाठवतो. कापड-कॅटलॉगचं काम करणाऱ्यांसाठी जास्त मेगापिक्सेलच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि दुकानात तो कुणी मांडताना दिसत नाही.

तुलना करताना दोन्ही फायली एका आकाराच्या करा. आधी मोठी ६,००० पिक्सेल रुंदीवर उतरवा, मग उलट लहान फाइल ९,५०४वर चढवून पाहा. शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन दोन्हीकडे शून्यावर आणा, कारण रॉ सॉफ्टवेअर प्रत्येक ब्रँडला आपल्या मर्जीने मसाला लावतं. आयएसओ ६४००चीही एक फ्रेम घ्या. शंभर टक्के झूमवर ६१ची फाइल जास्त दाणेदार दिसेल आणि लोक म्हणतील ‘लो लाइटला बेकार’; एका आकाराला आणल्यावर फरक बहुतेक विरतो. अंधारातली कामगिरी मुख्यतः सेन्सरच्या क्षेत्रफळावर जाते. फुजीफिल्म एक्स-टी५ (२०२२) ४० मेगापिक्सेलचा आहे, पण सेन्सर २३.५ बाय १५.६ मिमी. ३६ बाय २४च्या फुल फ्रेमला त्याच शटर-अ‍ॅपर्चरवर सव्वादोन पटींहून अधिक प्रकाश मिळतो, मग ती २४ची असो वा ६१ची.

हाच न्याय फोनला. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२३ अल्ट्रात २०० मेगापिक्सेल आहेत, पण पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा, म्हणून एरवी तो १६ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. आकड्याच्या शर्यतीत फोनने सगळ्या कॅमेऱ्यांना केव्हाच हरवलंय.

छपाईला किती लागतं तेही मोजून घ्या. १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १९ मेगापिक्सेल पुरतात. लग्नाच्या करिझ्मा अल्बमच्या १२ बाय ३६च्या जोडपानावर एकच फोटो पसरवला तर २४मधून इंचाला १६७ पिक्सेल मिळतात, ६१मधून २६४. इथे हातात धरून पाहणाऱ्याला फरक कळेल. होर्डिंगला उलट. ४० फूट रुंद होर्डिंगवर २४ मेगापिक्सेलचा एक पिक्सेल दोन मिलिमीटरचा होतो, आणि ३० मीटरवरून डोळ्याला साधारण नऊ मिलिमीटरच्या आतलं काही सुटं दिसत नाही. ‘होर्डिंगसाठी जास्त मेगापिक्सेल लागतात’ हे बोरा बाजारातलं सर्वांत लोकप्रिय वाक्य आहे आणि सर्वांत चुकीचंही.

मग जास्त मेगापिक्सेलचा सेन्सर घ्यावा कुणी? कापड, दागिने, चित्रांच्या आणि जुन्या दस्तऐवजांच्या प्रती काढणाऱ्यांनी, आणि शिवडी-ऐरोलीच्या खाडीत रोहित पक्षी टिपणाऱ्यांनी. लांबच्या पक्ष्यासाठी दीडपट क्रॉप केला (कडा कापून मधला भाग ठेवला) तर ६१चे २६ उरतात, ४५चे २०, २४चे जेमतेम १०. मात्र ऊन चढून चिखलावरची हवा थरथरू लागली की कोणत्याही ब्रँडचा सेन्सर हात टेकतो. सकाळची भरती गाठावी.

स्टेज, गरबा, नाटक यांसाठी मेगापिक्सेलपेक्षा सेन्सर किती झपाट्याने वाचला जातो ते विचारा. जास्त मेगापिक्सेलचा साधा सेन्सर सायलेंट शटरवर (यांत्रिक पडदा न हलवता) ओळीओळीने सावकाश वाचला जातो. एलईडी दिव्यांत काळे-पांढरे पट्टे येतात, लोकलच्या खिडकीतून खांब तिरके येतात. निकॉन झेड८मध्ये यांत्रिक शटरच नाही, कारण त्याचा स्टॅक्ड (थरांत रचलेला) सेन्सर तेवढ्या वेगाने वाचला जातो. हा फरक मेगापिक्सेलच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

खर्चाचं थोडक्यात. बिनसंक्षेप रॉ फाइल ६१मध्ये सुमारे १२२ एमबी, २४मध्ये ४८. तीन हजार फ्रेमच्या लग्नाला ३६६ जीबी विरुद्ध १४४, आणि प्रत दोन ठिकाणी ठेवायची तर दुप्पट. फोटोशॉपमध्ये १६ बिटला एकेक लेयर ३६० एमबीचा. कार्ड, डिस्क, रॅम यांचे पैसे बॉडीच्या किमतीत धरूनच दोन ब्रँड शेजारी ठेवावेत. राहिलेल्या पैशांत चांगली लेन्स आणि पावसाळ्यासाठी ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) बसत असेल तर माझं मत २४ किंवा ३३च्या बाजूला पडेल.

आपल्याकडे एकच विनंती. वृत्तपत्रात कॅमेऱ्याची जाहिरात किंवा परीक्षण छापताना मेगापिक्सेलच्या शेजारी सेन्सरची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये आणि चित्राची रुंदी पिक्सेलमध्ये छापावी. जागा अर्ध्या ओळीची लागेल.

— एक छायाचित्रण प्रशिक्षक, दादर, मुंबई