स्टुडिओवाल्या काकांना, आप्पांच्या फोटोंबद्दल

काका,
स. न. वि. वि.

आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाला दाखवलेल्या, जुन्या फोटोंच्या फिल्मचं कौतुक सगळ्यांनी माझ्या पदरात टाकलं. त्यातलं निम्म्याहून जास्त तुमचं आहे आणि ते चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालू नकोस म्हणालात, घातलेलं नाही. सांगलीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

मी अल्बम घेऊन आले तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. सगळे फोटो ३०० डीपीआय करून घे, नाहीतर पडद्यावर फाटतील, असं एका फ्लेक्सवाल्यानं बजावलं होतं. तुम्ही वाद घातला नाहीत. एकाच फोटोच्या दोन प्रती काढल्यात, पिक्सेल तेच ठेवून एकीवर ७२ टाकलं, दुसरीवर ३००, आणि दोन्ही व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनवर शेजारी ठेवून म्हणालात, “ओळख बघू.” काय ओळखणार, कप्पाळ! डीपीआय ही छपाईसाठीची सूचना. एका इंचात किती ठिपके बसवायचे, एवढंच ती सांगते. व्हिडिओला इंच ठाऊकच नाहीत. फुल एचडीची चौकट १९२० × १०८० पिक्सेलची, तिथं फक्त पिक्सेल मोजायचे.

स्कॅन करताना मात्र त्याच डीपीआयला तुम्ही मान दिलात, कारण कागद इंचातच मोजावा लागतो. ४ × ६ चा फोटो ३०० वर स्कॅन केला तर १८०० × १२००, म्हणजे रुंदीला एचडीपेक्षाही कमी. ६०० वर ३६०० × २४००. आजीचा एकच फोटो शिल्लक, तोही पासपोर्ट साइझचा. तो तुम्ही १२०० वर घेतलात. “जेवढी मूर्ती लहान, तेवढा आकडा मोठा,” हे तुमचं वाक्य आता आमच्या घरात वाट्टेल तिथं वापरलं जातं.

पण सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो तुमचा प्रश्न. प्रत्येक फोटो काचेवर ठेवण्याआधी विचारायचात, “हा पडद्यावर काय करणार?” नुसता थांबणार असेल तर चौकटीएवढे पिक्सेल पुरे. हळूहळू आत शिरायचं असेल तर जिथं पोचायचं, तेवढ्या तुकड्यात १९२० उरले पाहिजेत. आप्पांच्या नाटकाचा तो ग्रुप फोटो आठवतो ना? मागच्या रांगेत, डाव्या टोकाला, खोटी दाढी लावलेले आप्पा. ८ × १० इंचाचा फोटो, ६०० वर आडवे ६००० पिक्सेल. त्यामुळे एक तृतीयांश रुंदीपर्यंत आत गेलो तरी दाढीचा डिंक सुटलेला कोपरा स्वच्छ दिसला. सभागृहात त्याच जागी हशा पिकला.

तोच फोटो भाच्याच्या लॅपटॉपवर आधी मऊ, म्हणजे धूसर दिसत होता, तेही तुम्हीच पकडलंत. प्रीमियर या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्केल टू फ्रेम साइझ’ निवडलेलं होतं. त्यानं फोटो आधीच चौकटीएवढा होतो आणि मग आपण त्या कमी पिक्सेलनाच ताणत बसतो. ‘सेट टू फ्रेम साइझ’ केलं की दिसायला फोटो तेवढाच बसतो, पण मूळचे पिक्सेल हाताशी राहतात. दोन नावांत एका शब्दाचा फरक, ठेवणाऱ्याला नमस्कार.

२०१९ च्या पुरात भिजलेली ती तसबीर! आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या तळमजल्यात काय उरणार होतं? आई-आप्पांचा लग्नातला फोटो काचेला चिकटून बसला होता. मी नखानं कोपरा सोडवायला गेले तर तुम्ही माझं मनगटच धरलंत. काच पुसून घेतलीत आणि काचेसकट स्कॅन केलंत. उजवीकडचा डाग राहिला, पण चेहरे वाचले.

उलट भाच्याच्या कॅमेऱ्यातले ६००० × ४००० चे फोटो तुम्ही लहान केलेत, कारण ते शेकड्यांनी टाकले की लॅपटॉप धापा टाकायचा. मूळ फोल्डरला हात न लावता प्रती काढून लांब बाजू ३८४० केलीत. दुप्पट झूमला तेवढं भरपूर. आत्याच्या इरकलीच्या बारीक चौकडी हळू झूममध्ये लुकलुकत होत्या, त्यावरही हाच उतारा चालला, वर किंचित ब्लर. व्हॉट्सॲपवरून आलेले बारके फोटो मात्र तुम्ही परतच पाठवायला लावलेत: “डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणावं.” पुण्याच्या चुलतभावाला ते समजावता समजावता माझा घसा बसला.

एका गोष्टीत आपलं पटलं नाही. उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना त्याच फोटोची धूसर प्रत लावलेली तुम्हाला खपत नाही, “फोटोमागे त्याचंच भूत कशाला?” म्हणालात. डोक्यापासून पायापर्यंत कॅमेरा फिरवा हा तुमचा उपाय साड्यांच्या फोटोंना छान लागू पडला. पण बारशाच्या फोटोत खाली नुसती सतरंजी होती, तिथं मी भूतच ठेवलं. तुम्ही पाहिलंत आणि काही बोलला नाहीत, तेही लक्षात आहे.

पैसे तुम्ही फक्त स्कॅनिंगचे घेतलेत. शिकवण्याचे किती, विचारलं तर चहा मागवलात.

आता मिरजेच्या आत्याकडे निगेटिव्हचा एक डबा निघालाय. ३५ मिलिमीटरची फिल्म, चौकट ३६ × २४ मिलिमीटर. तुमचा हिशेब मी घरीच करून पाहिला: ६०० वर जेमतेम ८५० पिक्सेल, २४०० वर ३४०० च्या आसपास. तेव्हा २४०० च. तुमच्या स्कॅनरला निगेटिव्हसाठी वरून दिव्याचं झाकण आहे ना, तेवढं कळवा. असेल तर शनिवारी येते.

तुमची,
आप्पांची थोरली