स्टुटगार्टला घर बघताना

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

स्टुटगार्टमधलं घर न दाखवताच जो माणूस तुझ्याकडे डिपॉझिट मागतो आहे, त्याला ते पाठवू नकोस. मालक परदेशात, घर दाखवायला कुणी नाही, भाडं आजूबाजूच्या निम्मं आणि पैसे मिळाले की चावी कुरिअरने, ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे. घर स्वतः बघितल्याशिवाय आणि करारावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एक युरोही द्यायचा नाही.

सुरुवातीचे दोन-तीन महिने सामानासकट खोली घे, महाग पडली तरी चालेल. मात्र तिथे पत्ता नोंदवता येईल ना, हे आधी लेखी विचारून घे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत 'आनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करावं लागतं आणि त्याला घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला लागतो. तो द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर ती खोली सोडून दे. टपालपेटीवर तुझं नाव लाव. बँकेचं कार्ड, टॅक्स नंबर सगळं टपालानेच येतं. नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं.

मग निवांतपणे कायमचं घर शोध. गावात जमलं नाही तर एसलिंगन, ब्योब्लिंगन, लुडविग्सबुर्ग बघ, तिथून एस-बान, म्हणजे उपनगरी रेल्वे, आहे. 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा धरून होतं ते 'वार्ममीटे'. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याच्याही वर. डिपॉझिट काल्टमीटेच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही, आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क तुला कायद्याने आहे. आपल्याकडे ११ महिने झाले की पुन्हा करार, पुन्हा भाडेवाढ. तिथे करार सहसा बेमुदत असतो. सोडताना तू ३ महिने आधी लेखी कळवायचं.

आणि स्वयंपाकघर नीट बघ. पुष्कळ घरांत तिथे भिंती आणि नळाचे पाइप, एवढंच असतं. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं आधीचा भाडेकरू काढून नेतो, नाहीतर तुला विकत घ्यायला सांगतो. जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' असेल तर किचन आहे असं समज. शेगडी कोणती आहे तेही कळव. आई कुकर बांधून बसली आहे, पण आपला जुना ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापणार नाही. तसं असेल तर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा घेऊ.

तिकडे 'केअरवोखे' म्हणून प्रकार आहे. जिना झाडायची-पुसायची पाळी भाडेकरूंमध्ये आठवड्याने फिरते, पाटी दाराला लागली की पाळी आपली. ती कधी चुकवू नकोस. शेजाऱ्यांशी ओळख त्यातूनच होईल.

विकत घ्यायचं म्हणशील तर आत्ता मुळीच नको. भाडं म्हणजे पाण्यात पैसे, असं मामा म्हणतो, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, घर घेताना ५ टक्के करच भरावा लागतो, वर नोटरी, नोंदणी, दलाली. दोन वर्षांत गाव बदललं तर यातलं काही परत मिळत नाही. शिवाय प्रोबेशन संपल्याशिवाय बँक कर्जाचं सहसा बोलतही नाही.

डिपॉझिटपुरते पैसे मी बाजूला काढले आहेत. पगाराची वाट बघत ओढाताण करू नकोस, लागतील तेव्हा सांग.

तुझे,
बाबा