गुलमोहर मैदानात शोभतो, अंगणात नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की रोपे लावण्याची लगबग सुरू होते आणि बंगल्यांच्या अंगणात पहिली पसंती मिळते ती गुलमोहराला. भराभर वाढतो, मे महिन्यात लालभडक फुलतो, म्हणून लोभ सुटत नाही. पण मूळचा मादागास्करचा हा वृक्ष छत्रीसारखा आडवा पसरतो. चाळीस फुटांचा घेर त्याला सहज लागतो. घर आणि कंपाउंड यांत जेमतेम दहा फूट जागा असेल, तिथे तो मावणार कसा?

नाशिकच्या आमच्या कॉलनीत याचे परिणाम रोज डोळ्यांसमोर आहेत. गुलमोहराची मुळे जमिनीलगत पसरतात. त्यांच्या रेट्याने एका घराची कंपाउंडची भिंत खालपासून वरपर्यंत तडकली आहे, अंगणातल्या फरश्या उचलल्या गेल्या आहेत. पाने इतकी बारीक की झाडूने निघत नाहीत. गच्चीच्या पाइपच्या तोंडाशी त्यांचा ओला थर बसतो, पाणी तुंबते आणि आतल्या स्लॅबला ओल धरते. लाकूड ठिसूळ असल्याने वळवाच्या वाऱ्यात हिरवीगार फांदीही काडकन मोडून शेजारच्या गाडीवर येते. मग भांडणे होतात, वर्षानुवर्षांचा घरोबा तुटतो. याचे मला फार वाईट वाटते.

गुलमोहरासारखेच शोभेसाठी लावले जाणारे पिचकारीचे झाड तर आफ्रिकेतले. जगातल्या सर्वाधिक उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे.

नंतर झाड काढायचे म्हटले तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही परवानगी लागते. कायदा योग्यच आहे. म्हणूनच विचार लावण्याआधी व्हायला हवा. उभ्या झाडांवर कुऱ्हाड चालवा असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांची छाटणी पावसाळ्यापूर्वी जाणकाराकडून, रीतसर परवानगीने करून घ्यावी.

जागा थोडी असेल तर पारिजातक, कांचन लावावा. अंगण ऐसपैस असेल तर बहावा किंवा आपले राज्यपुष्प तामण आहेच. रोपवाटिकांनी आणि मोफत रोपे वाटणाऱ्या महापालिकांनी प्रत्येक रोपाला एक चिठ्ठी बांधावी: पूर्ण वाढ झाल्यावर उंची किती, घेर किती, भिंतीपासून किती अंतरावर लावावे. यंदाच्या रोपवाटपापासूनच हे सुरू करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक